सुट्या चौकोनांचं पांघरूण

सभा वेळेवर सुरू झाली.

आमचं मंडळ क्रोशाचं आहे. क्रोशाला लागतं काय, तर टोकाला आकडा असलेली एक सुई, लोकरीचा गुंडा आणि बसायला खुर्ची. एवढ्या सामग्रीत माणूस तळहाताएवढा चौकोन विणतो. मग दुसरा विणतो. दुसरा पहिल्यासारखाच असतो, त्यामुळे डोक्याला ताप नाही. असे चौकोन एकमेकांना जोडले की त्यांचं पांघरूण होतं, असं आमच्या घटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलेलं आहे.

त्या दिवशी प्रसूतिगृहाच्या सिस्टर आल्या होत्या. नवजात बाळांच्या खोलीतला हीटर बंद पडला होता. नवा हीटर मंजूर झाला होता, पण तो उन्हाळ्यात येणार होता.

"पांघरुणं हवीत," सिस्टर म्हणाल्या. "बाळांपुरती. छोटीच. तुमच्याकडे होतात असं ऐकलं."

अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. "सिस्टर, थंडी पडायच्या आत द्यायची जबाबदारी आमची. एकही बाळ उघडं राहणार नाही."

टाळ्या झाल्या. मी सचिव असल्यामुळे वाजवल्याही आणि लिहूनही घेतल्या.

□

सभा वेळेवर सुरू झाली.

सभासदांनी जीव ओतला होता. कुणी बसमध्ये विणलं, कुणी रांगेत उभ्यानं विणलं. आमच्यातल्या दंतवैद्यबाईंनी तर भूल चढेपर्यंतच्या वेळात विणलं. पेशंट आ करून बघत राहिले. खोकी भरली, टेबलं भरली, खिडक्या उघडेनात.

तेव्हा मोजणीसाहेब पट्टी घेऊन उठले. साहेबांनी उभं आयुष्य जमिनी मोजण्यात घालवलं आणि निवृत्तीनंतर मोजायला जमीन न उरल्यामुळे ते आमच्यात आले. त्यांनी ढिगातला एक चौकोन उचलला, चारी बाजूंनी मापला आणि चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"हा चौकोन नाही. हा फार तर चौकोनाचा मेहुणा आहे."

ढिगात असे मेहुणे बरेच निघाले. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट, एका आजोबांचा तर षटकोनाकडे झुकलेला. म्हणून एक प्रमाण-चौकोन तयार करून काचेच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. बाकीचे उसवून नव्याने विणावेत असं ठरलं. उसवायचं म्हटल्यावर कुणीतरी रडेल असं मला वाटलं होतं. उलट सगळ्यांचे चेहरे उजळले. पुन्हा पहिल्यापासून!

"अहो, चौकोन जरा वाकडा असला तर बाळाला काय कळतंय?" सिस्टरांनी विचारलं.

"आज नाही कळत," साहेब म्हणाले. "मोठं झाल्यावर विचारेल."

□

सभा वेळेवर सुरू झाली आणि शेपट्यांवर संपली. विणून झालेल्या प्रत्येक चौकोनाला लोकरीच्या दोन शेपट्या राहतात, एक सुरुवातीची आणि एक शेवटची, आणि त्या सुईने आत लपवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं असतं. शेपट्या विणणाऱ्याने लपवाव्यात की जोडणाऱ्याने, या प्रश्नावर सर्वांचं एकमत झालं: दुसऱ्याने.

□

सभा वेळेवर सुरू झाली.

आमच्या खजिनदारबाई या अध्यक्षबाईंच्या धाकट्या जाऊबाई. दोघी एकाच घरात राहतात, एकाच ओट्यापाशी उभ्या राहतात, आणि एकमेकींशी फक्त सभेत बोलतात. तेही माझ्यामार्फत. विषय होता चौकोन जोडायचे कसे.

"सचिव, खजिनदारांना सांगा, सुईने शिवायचे. सपाट बसतात."

"सचिव, अध्यक्षांना सांगा, शिवलेलं उसवतं. क्रोशानेच विणून जोडायचे. मध्ये छान उठावाची रेघ येते."

"रेघ बाळाच्या गालाला टोचेल म्हणावं."

"बाळ पांघरूण गालावर घेत नाही म्हणावं. दोन मुलं वाढवल्यावर तरी माणसाला एवढं कळतं."

"मुलांवर जायचं काम नाही, सांगून ठेवा!"

"कोण गेलंय मुलांवर? मी पांघरुणावरच आहे. त्यांना लागलं तर मी काय करू, विचारा."

मी दोघींच्या मध्ये बसलेला होतो. माझी मान आता डावीकडे वळत नाही.

मागच्या खुर्चीवरून सिस्टर म्हणाल्या, "अहो, निम्मी अशी जोडा, निम्मी तशी जोडा. पण जोडा."

बाहेरच्या माणसाला प्रश्नाची खोली कळत नाही ती अशी. अध्यक्षबाई आणि खजिनदारबाईंनी त्या दिवशी प्रथमच एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी मिळून सिस्टरांकडे बघितलं. जोडणी उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीवर दोघी जावा. उपसमितीची बैठक दोघी एका खोलीत असतील तरच भरणार होती, आणि एक खोलीत आली की दुसरी बाहेर जात होती.

□

थंडी वेळेवर सुरू झाली.

सिस्टर आल्या तेव्हा नाक लाल झालेलं होतं. "खिडक्यांचे पडदे कापले," त्या म्हणाल्या. "त्यात गुंडाळतोय बाळांना. आता खिडकीला पडदा नाही म्हणून वारा थेट येतो. जोडणं राहू द्या तुमचं. सुटेच द्या चौकोन."

मंडळाने मन मोठं केलं. सुटे चौकोन तात्पुरत्या वापरासाठी देण्यात आले. सोबत मोजणीसाहेबांची लेखी सूचना: चौकोन बाळावर ओळीने मांडावेत, कडेला कड टेकवावी, मध्ये फट राहू देऊ नये.

चार दिवसांनी सिस्टर खोकी घेऊन परत.

"बाळं हलतात."

"हलतात म्हणजे?" साहेबांनी चष्मा वर केला.

"पाय मारतात. सगळे चौकोन खाली. रात्रभर आम्ही वेचत बसतो."

"सगळीच बाळं हलतात की काही ठरावीक?"

"जिवंत असलेली सगळी."

साहेबांनी मान डोलावली. वापरणाऱ्यांकडून सहकार्य मिळत नाही, असा शेरा त्यांच्याकडून ऐकून मी लिहून घेतला.

□

परत आलेले चौकोन धुवावे लागले. धुतलेले वाळवावे लागले. दोरी पुरेना म्हणून भिंतीला टाचण्यांनी लावले. आणि मग सगळे मागे सरकून बघतच राहिले. काय दिसत होती ती भिंत! दंतवैद्यबाई म्हणाल्या, "हे काढायचं म्हणजे पाप आहे." त्यामुळे प्रदर्शन भरवणं आलं. प्रदर्शन म्हटल्यावर पाहुणे आले, हार आले, फीत आली. प्रमुख पाहुणे भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "नुसतं बघूनसुद्धा ऊब वाटते." त्यांनी ओव्हरकोट घातला होता.

एका वक्त्याने त्या दिवशी मंडळाला विचार दिला. चौकोन जोडणं म्हणजे त्याचं स्वत्व हिरावून घेणं. प्रत्येक चौकोन स्वतंत्र आहे. आपण कोण त्याला दुसऱ्याच्या दावणीला बांधणारे? टाळ्या थांबेनात. दोघी जावा तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. घरात त्यांच्या मनातलं इतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं.

□

सभा वेळेवर सुरू झाली, आणि सिस्टरांनी टेबलावर हात आपटला.

"सुई द्या इकडे. मीच जोडते."

"जोडायला आमची हरकत नाही हो," अध्यक्षबाई प्रेमाने म्हणाल्या. "पण जोडणीला हात फक्त सभासदाने लावायचा. आणि सभासद व्हायचं तर एक चौकोन स्वतः विणायचा. एकच. बसा ना, मी शिकवते."

सिस्टर बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेला, ड्यूटीवर असल्यासारख्या. पहिली साखळी सुटली. दुसरी घट्ट झाली. अध्यक्षबाईंनी मागून त्यांचे हात हातात धरले. "घाई नको. आकड्यात दोरा घ्यायचा, ओढायचा. असं. परत तसंच." लोकर निळी होती. सिस्टरांचे खांदे हळूहळू खाली आले. ते इतके दिवस वर होते हे आम्हाला तेव्हा दिसलं. चौथा कोपरा वळला आणि त्यांच्या तळहातावर एक पूर्ण, चौरस, संपलेली गोष्ट उभी राहिली. प्रसूतिगृहात काहीच कधी संपत नसतं.

"अय्या," सिस्टर म्हणाल्या.

"झालात सभासद. घ्या सुई, जोडायला."

"हो, हो," त्यांनी पिवळा गुंडा उचलला. "एवढा एकच करते आधी."

□

आता सभेला दारात नव्या सिस्टर उभ्या असतात. वयाने लहान आहेत. अंगातल्या स्वेटरला बाह्या नाहीत. बाळ बाहीत बरोब्बर मावतं म्हणे, त्यांनी दोन्ही कापून दिल्या.

"ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना," त्या आमच्या सिस्टरांना म्हणाल्या. "तुम्ही तर बघितलंयत तिथे काय हाल आहेत ते."

"बघितलंय गं," आमच्या सिस्टर म्हणाल्या. हातातला टाका पुरा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "म्हणून तर रात्रंदिवस विणतेय. पण कडांचा प्रश्न आहे, बाळा. तो असा उभ्या उभ्या नाही कळायचा. ये, बस."

हे वाचताना तुमचा जीव तळमळला असेल. अरे, कुणीतरी उठा, दोन चौकोन घ्या आणि जोडा की, असं दोनतीनदा तरी मनात आलं असेल. अभिनंदन! आमच्या एकूण एक सभासदाच्या मनात हेच आहे, याच शब्दांत आहे. तुम्हीही ते मनात आणलंत, हळहळलात, आणि आरामात बसून शेवटपर्यंत वाचलंत. एवढी पात्रता आम्हाला पुरते.

लोकर कुठल्या रंगाची देऊ?