जोजोची दोन तिकिटं

जोजो बोटाने काही दाखवत नाही, ओठांनी दाखवतो. वस्तू असो, माणूस असो की दिशा, ओठांचा चंबू करायचा आणि त्या बाजूला एक झटका द्यायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत पहिल्याच दिवशी त्याने काउंटरमागच्या बाईंच्या खांद्यावरून असाच एक पाव दाखवला. बाई कानापर्यंत लाल झाल्या. मी रांगेत मागेच होतो. म्हटलं, आता पोलीस येणार. तर हा अगदी सालसपणे म्हणाला, "तो नाही, त्याच्या शेजारचा," आणि पुन्हा चंबू केला.

पाव घेऊन तो माझ्याच इमारतीत शिरला, माझ्याच मजल्यावर आला आणि माझ्या समोरचं दार उघडलं. तेव्हा कळलं, की आमच्या गावच्या क्लबने आणलेला नवा बास्केटबॉल खेळाडू तो हाच. माझा विश्वास बसेना, कारण तो माझ्याहून बुटका होता.

"पाच फूट आठ," तो म्हणाला. "क्लबच्या पत्रकात सहा फूट लिहितात. वरचे चार इंच आईचे आशीर्वाद."

त्याची आई फिलिपिन्सची. नर्स म्हणून कॅलिफोर्नियात गेली, तिथे जोजो झाला. अमेरिकेत बास्केटबॉलवाले म्हणाले, हा आशियाई, उंचीला कमी. मनिलात खेळायला गेला तर तिथले म्हणाले, हा अमेरिकन. मग डेन्मार्क, मग रुमानिया आणि आता जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखच्या शेजारचं आमचं हे एवढंसं गाव, लीगची तिसरी श्रेणी. "इथे मी कोण, माहितेय?" त्याने मला विचारलं. "तिसऱ्या मजल्यावरचा."

हे नाव फ्राऊ त्साइटलर, म्हणजे त्साइटलरबाईंनी दिलेलं. त्या आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. दुपारी एक ते तीन आणि रविवारी अख्खा दिवस इमारतीत रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. ती मोडणाऱ्याला त्या माफ करत नाहीत. आणि जोजोला बॉल आपटल्याशिवाय चालता येत नाही. जिन्यात, तळघरात, कचरा टाकायला जाताना, सगळीकडे ठप ठप. बाईंनी त्याच्या दारावर लाल अक्षरांत नियम चिकटवला. जोजोने तो मनावर घेतला. त्या दिवसापासून दुपारी आणि रविवारी तो बॉलशिवाय जिना उतरायला लागला, पण हात मात्र तसाच वर-खाली, वर-खाली. मधेच वळायचा, नसलेला बॉल पाठीमागून दुसऱ्या हातात घ्यायचा. बाई दाराच्या भोकातून बघायच्या. दोन दिवसांनी त्याच म्हणाल्या, "बॉल घे बाबा. हे मला बघवत नाही." तो म्हणाला, "नको, नियम तो नियम." त्या दिवसापासून बाईंना तो मनातून आवडतो. त्या कबूल करणार नाहीत.

मला तो आवडायचं कारण वेगळं होतं. तो मला नावाने हाक मारत नाही, 'इंजिनिअर' म्हणतो. "इंजिनिअर, जेवलास का?" "इंजिनिअर, मीठ आहे का?" त्याच्या आईच्या देशात म्हणे अशीच पद्धत आहे, डॉक्टरला डॉक्टर म्हणतात तसं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अण्णांचं बार्शीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आई चौथी पास. माझी पदवी बैठकीत फ्रेम करून लावलीय, पण मला त्या नावाने हाक मारणारा आयुष्यात हा एकच भेटला. मीठ काय, मी त्याला किल्ली देऊन ठेवली.

एकच गोष्ट मला खटकायची. क्लब प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी दोन फुकट तिकिटं देतो. तिसरी रांग, खुर्ची सात आणि आठ. गेटवर एका पाकिटात ठेवलेली असतात. गेटवर बसून तिकिटं फाडायचं काम फ्राऊ त्साइटलर करतात, हौसेने, बिनपगारी. अडीच वर्षं मी पदरचं तिकीट काढून मागे उभा राहून मॅच बघत होतो आणि समोर सात आणि आठ रिकाम्या. एकदा तोंड उघडून मागितलीच. जोजो म्हणाला, "ती भरलेली आहेत."

"कुणी?"

"आहेत." आणि ओठांनी दुसरीकडेच कुठेतरी दाखवलं.

मी आईला फोनवर सांगितलं, "माणूस चांगला आहे, पण हात आखडता."

माझं काम बुटांच्या कंपनीत, तळवे तपासण्याचं. यंत्रावर घासून घासून ते कुठे झिजतात ते बघायचं. जानेवारीत जोजोने त्याचे जुने बूट माझ्यापुढे ठेवले. "इंजिनिअर, रिपोर्ट दे." मी उलटे करून पाहिले. उजवा डाव्याच्या दुप्पट झिजला होता.

"तू डाव्या गुडघ्यावर भारच टाकत नाहीस."

"किती दिवस चालेल?"

"बूट की गुडघा?"

तो हसला. म्हणाला, "एप्रिलपर्यंत ओढायचंय. शेवटची मॅच. त्यानंतर क्लब मला ठेवणार नाही, आणि बरोबर आहे त्यांचं. पण मामा येणार आहे." मामा म्हणजे त्याची आई. तिने त्याला आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष खेळताना पाहिलं नव्हतं. शाळेपासून मॅच असली की तिची वॉर्डात ड्यूटी. नंतर तो समुद्रापलीकडे.

फेब्रुवारीत माझी आई आली, तीन महिन्यांसाठी. एकटीच, कारण अण्णा दुकान बंद ठेवायला तयार नाहीत. जोजो भेटायला आला, वाकला, आईचा हात धरून त्याची मागची बाजू स्वतःच्या कपाळाला लावली. मोठ्यांना नमस्कार करायची ती त्यांची रीत. आईने तोच हात उलटा करून पुन्हा कपाळावर ठेवला, मग मानेला लावला.

"ताप नाही दिसत," ती मला म्हणाली. "पण अंग मोडून आलं असेल बिचाऱ्याचं." आणि सुंठीचा काढा ठेवला.

जोजोला वाटलं, नमस्कार केल्यावर काढा पिणं ही आमची रीत. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कार, पुन्हा काढा. आठवडाभर मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मला बघायला मजा येत होती.

मग एकदा आई कणीक मळत होती. दोन्ही हात भरलेले. तिने मान उडवून ओठांनीच फळीवरचा डबा दाखवला. मी म्हणालो, "कुठला?" तोवर जोजोने डबा काढून तिच्यापुढे ठेवला होता. बरोबर तोच, तेलाचा.

"बघ," आई म्हणाली, "याला कळतं. तू एवढा शिकलास."

एप्रिलमध्ये, शेवटच्या मॅचच्या चार दिवस आधी, जोजो आला तो बॉलशिवाय. आईचा हात कपाळाला लावला, काढा प्यायला. आई मला हळूच म्हणाली, "आज याचा हात का हलत नाही रे?"

मामाच्या डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला मनाई केली होती. जोजोने खिशातून चिठ्ठी काढून माझ्या आईच्या हातात दिली. खुर्ची सात आणि आठ, आईच्या नावाने. गेटवर दाखवायची.

"मी काय करू तिथं?" आई म्हणाली. "मला कोण जिंकलं तेसुद्धा कळायचं नाही."

मी भाषांतर केलं. जोजो म्हणाला, "सांग त्यांना, मामालाही कळत नाही."

"आणि दुसरी खुर्ची?" मी विचारलं. मला वाटलं, आता तरी माझा नंबर.

"ती डब्यांची. मामा रिकाम्या हाताने कधी कुठे गेलेली नाही."

शनिवारी आई इरकल नेसली, वर माझं जाकीट, हातात लाडवांच्या डब्यांची पिशवी. गेटवर फ्राऊ त्साइटलरनी चिठ्ठी वाचली, पाकीट काढलं आणि बराच वेळ नुसतं हातात धरलं. मग दोन्ही तिकिटं जपून, सरळ रेषेत फाडली. मी त्या पिशवीकडे बघून म्हणालो, "आठ नंबरवर मी बसलो तर?" त्या म्हणाल्या, "तिकीट पिशवीचं आहे."

मी मागे जाऊन उभा राहिलो.

मॅच आम्ही हरतच होतो. शेवटच्या मिनिटाला बारा गुण मागे. जोजोला दोन फ्री थ्रो मिळाले. टाकायच्या आधी त्याने नेहमीसारखं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आईच्या दोन्ही हातांत लाडू, ती शेजारच्यांना वाटत होती. तो थांबलाय हे तिने पाहिलं, आणि मान उडवून, ओठांनी, त्याला बास्केट दाखवली. तिकडे.

जोजो इतका हसला, की पहिला बॉल रिंगला लागलासुद्धा नाही. दुसरा सरळ आत गेला. आम्ही अकरा गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आम्हाला बोलावलं. अर्धं घर खोक्यांत भरलेलं. त्याने आईच्या पर्सकडे ओठ केले. आईने न विचारता आतून फाटकी तिकिटं काढून दिली. टेबलावर बिस्किटांचा एक निळा गोल डबा होता. त्यात रबर बांधलेले तिकिटांचे गठ्ठे. मनिला, डेन्मार्क, रुमानिया, आमचं गाव. सगळी दोन-दोन. एकही फाटलेलं नाही.

"मॅच संपली की फ्राऊ त्साइटलर पाकीट माझ्या टपालपेटीत टाकायच्या," तो म्हणाला. "कधी काही विचारलं नाही त्यांनी."

मी त्याला कंजूष म्हटलं होतं, ते मी त्या दिवशीही त्याला सांगू शकलो नाही.

त्याने मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. दोन्ही अर्धुकं त्याने कॅमेऱ्यासमोर धरली. "मामा, बघ. फाटलेली. एक इंजिनिअरच्या आईचं, दुसरं डब्यांचं." ती बाई चष्मा लावून पडद्याजवळ आली. मग डोळे पुसून तिने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात त्या?" आई म्हणाली.

"विचारतायत, डब्यांत काय होतं."

आईने मला बाजूला सारलं, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि बेसन किती भाजायचं इथपासून मराठीत सुरुवात केली. मामा मान डोलावत होती. मागे खोक्यांच्या मधून जोजो फेऱ्या मारत होता, आणि त्याचा उजवा हात वर-खाली, वर-खाली हलायला लागला होता. रविवार होता, म्हणून बॉल नव्हता.