ठकूबाईची मागची पाच कामं

एका जंगलात, मुलांनो, थंडी सगळ्यांनाच वाजायची आणि गोधड्या मात्र एकटी ठकूबाई शिवायची. ठकूबाई ही साळू. अंगभर काटे असतात ना, ती. त्यामुळे सुई तिला कधी विकत घ्यावी लागली नाही. जनावरांकडे जुनी लुगडी कुठून आली, असं विचारू नका. त्याच जंगलात एक कला परिषदही होती. ती कुठून आली, हे तरी मला कुठे ठाऊक आहे?

ठकूबाईचं एकच दुखणं होतं. जंगलाची सभा भरली की कलावंतांना पुढची रांग मिळे. कोकीळ पुढे, मोर पुढे. ठकूबाई मात्र पंधरा वर्षं एका गव्याच्या मागे बसत आली होती. गवा स्वभावाने चांगला होता, पण रुंद होता. सभेत समोर काय चालतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी एक दिवस ती परिषदेच्या कचेरीत गेली. अध्यक्ष होते माळढोक. ते राहत माळावर, पण अध्यक्षपदापुरते जंगलात येत. त्यांच्या जातीचे फार थोडे उरले होते आणि परिषदेच्या घटनेत पात्रता तेवढीच सांगितली होती.

"माझं नाव कलावंतांत लावा," ठकूबाई म्हणाली.

"आपण काय करता?"

"गोधड्या शिवते."

"त्या कशासाठी असतात?"

"पांघरायला."

अध्यक्षांचा चेहरा पडला. "म्हणजे उपयोगाच्या आहेत," ते हळहळले. "असो. मागची पाच कामं दाखवा. मग बघू."

इथेच पंचाईत झाली. त्या जंगलात गोधडी कुणी टाकून देत नसे. ती विरली की तिलाच आत घालायचं, वरून नवं कापड लावायचं आणि पुन्हा टाके भरायचे. त्यामुळे ठकूबाईची मागची सगळी कामं पुढच्या कामांच्या पोटात होती.

त्या वेळी तिच्याकडे कौतिका खारीची गोधडी आली होती. कौतिकाला आठवड्यापूर्वीच चार पिल्लं झाली होती. त्यांच्या अंगावर अजून केस नव्हते.

"मावशे, थंडीच्या आत दे बाई," कौतिका म्हणाली होती. "माझ्या शेपटीखाली दोनच मावत्यात."

त्या गोधडीवर आजवर पाच वेळा ठकूबाईचा हात फिरला होता. ती तीच उचलून परिषदेत घेऊन गेली.

"पाचही यातच हायेत," ती म्हणाली.

"दिसत नाहीत," परीक्षक म्हणाले. परीक्षक म्हणजे एक वटवाघूळ. ते उलटं लटकून परीक्षण करी आणि आजवर त्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

"आत हायेत."

"आतलं आम्ही धरत नाही."

ठकूबाईने मनाशी हिशेब केला. उसवायला एक दिवस, शिवायला दोन. थंडी अजून चार दिवस लांब होती. तिने दाताने दोरा तोडला.

थर सुटे होऊ लागले. परिषद खुशीत आली.

"इथे ओळी थरथरल्या आहेत," वटवाघूळ म्हणालं. "हे बंड आहे."

"त्या साली माझे डोळे आले हुते."

बंड म्हणून नोंद झाली.

"आणि हा लाल तुकडा नेमका इथेच का?"

"भोक तिथंच हुतं."

"पोकळीचं भान," वटवाघूळ म्हणालं. अध्यक्षांनी मान डोलावली.

पाचव्या थराखाली सहावा निघाला. तो ठकूबाईचा नव्हता. तिळाएवढे टाके होते, एकसारखे. ती बघतच राहिली. हे तिच्या आईचं काम होतं. ते इथे आहे हेच ती विसरून गेली होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"हे आपलं नाही ना? मग बाजूला ठेवा," वटवाघूळ म्हणालं.

ठकूबाई एकमताने कलावंत ठरली. बाजूला ठेवलेला धरून सहाही थर परिषदेच्या आवारात वेगवेगळ्या फांद्यांवर टांगले गेले, आणि खाली पाटी लागली : 'हात लावू नये.' दुसऱ्याच दिवशी सभा होती. ठकूबाई पहिल्या रांगेत बसली आणि तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदा समोरचं दिसलं. अध्यक्ष झोपले होते. तरीही तिला फार बरं वाटलं.

सभा सुटल्यावर कौतिका ठकूबाईच्या दाराशी उभी होती. "मावशे, गोधडी?"

ठकूबाई परिषदेत गेली. "थर द्या. दोन दिसांत शिवून मोकळी होते."

"कलाकृतीला टाके घालणार?" अध्यक्ष दचकले.

"माझ्याच हाताचे हायेत की पहिलेबी."

"म्हणूनच. कलावंताने स्वतःच्या कृतीची नासधूस केलेली आम्हाला चालत नाही."

"अवो, चार पोरं उघडी पडल्यात."

"त्यांना बघायला घेऊन या. लहानांना प्रवेश मोफत आहे."

वटवाघळाने नियम चाळले. सुटकेचा एकच मार्ग निघाला. आपण कलावंत नाही आणि या कलाकृती नसून चिंध्या आहेत, असं ठकूबाईने लिहून द्यायचं.

तुम्हाला वाटेल, तिने लगेच दिलं. नाही दिलं. घटकाभर ती तिथेच बसून राहिली. पंधरा वर्षांनी गवा समोरून हटला होता, आणि तोही फक्त एका दिवसापुरता. इतक्यात वारं सुटलं. सहाही थर फडफडले. एकेकटा थर इतका पातळ होता की त्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. ठकूबाईने पाठीवरचा एक काटा उपटला आणि शाई मागितली.

'मी कलावंत नाही. गोधड्या शिवते. या चिंध्या आहेत. लवकर द्या, पोरं गारठतील.'

परिषदेने चिंध्या तत्काळ बाहेर फेकल्या. चिंध्या ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती.

ठकूबाईने गोधडी पुन्हा जोडली. आईचा थर जपून मधोमध घातला. शेवटी कोपऱ्यात तिने टाक्यांच्या चार ओळी जास्तीच्या घातल्या. त्यांची काही गरज नव्हती. बऱ्या दिसत होत्या. पहिली थंडी पडली तेव्हा चारही पिल्लं गोधडीत होती, आणि कौतिकाला बऱ्याच दिवसांनी स्वतःची शेपटी मोकळी मिळाली.

इकडे वटवाघळाने ठकूबाईचा कागद वाचला. अर्थात उलटा. मग ते थरथरत अध्यक्षांकडे गेलं. "काय हा नकार! आणि किती थोड्या शब्दांत!"

कागदाला चौकट बसली. तो आवारातल्या सगळ्यात उंच फांदीवर टांगला गेला आणि वर्षाचा मोठा पुरस्कार त्यालाच मिळाला. पुढच्या सभेत अध्यक्षांनी त्या चौकटीला शाल पांघरली.

ठकूबाई सभेला आली होती. जागेवर, गव्याच्या मागे. तिला काही दिसलं नाही. नुसत्या टाळ्या ऐकू आल्या.

"सत्कार कुणाचा चाललाय, दादा?" तिने विचारलं.

"कुणीतरी मोठा कलावंत आहे," गवा मागे न वळता म्हणाला. "वाजव टाळ्या."

तिने वाजवल्या.

तात्पर्य : गोधडी शिवणाऱ्यांनी स्वतःला खुशाल कलावंत समजावं, मात्र आधी गोधडी गिऱ्हाइकाच्या घरी पोचती करावी. आणि ज्यांना पुढच्या रांगेतच बसायचं आहे, मुलांनो, त्यांनी टाके शिकण्यात आयुष्य घालवू नये. अर्ज नीट लिहायला शिकावं.