माझा बंबफोडीचा जोडधंदा

सकाळी उठल्या उठल्या मोबाईल हातात घेऊ नये, असं आमची उमा म्हणते. मी घेतला. माझी चूक म्हणाल तर एवढीच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

डिसेंबरातला रविवार होता. मी दोन पांघरुणांत होतो आणि मोबाईलमध्ये एक मिशीवाला माणूस खांद्यावर कुऱ्हाड टाकून सांगत होता, "मित्रांनो, लाकडं फोडा, पैसा जोडा." त्याचं म्हणणं असं, की ओंडका तसाच विकला तर कवडीमोल. पण तोच बारीक फोडला, पाणी तापवायच्या बंबात घालता येईल अशी त्याची बंबफोड केली, की भाव तिप्पट. जितकं बारीक तितकं महाग. घरबसल्या, नोकरी सांभाळून. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. नोकरी सांभाळून दुसरं काहीतरी करण्याचा मला दांडगा अनुभव आहे (नोकरीच करायचा अनुभव थोडा कमी पडतो, पण तो इथं लागणार नव्हता).

अडचण जागेची होती. आमच्या मुकुंदवाडीच्या घरापुढं पत्र्याचं एक शेड आहे. ते मी गाडीसाठी बांधलं होतं. गाडी काही आली नाही. उमा हॉलमध्ये ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. दोन मशिनी, कापडाचे ढीग आणि मापं द्यायला आलेल्या बायका, एवढ्यातून वाट काढत मी बातम्या बघतो. दिवाळीनंतर तिनं शेड झाडून घेतलं, भिंतीला चुना मारला, बल्ब लावला. तिथं तिचं शिवणकाम हलणार होतं, एवढ्यात मला मिशीवाला भेटला.

"उमा, शेड मला पाहिजे," मी म्हणालो.

"कशाला?"

"धंद्याला."

उमानं हातातली कात्री खाली ठेवली. (ती कात्री खाली ठेवते तेव्हा मी चपला शोधायला लागतो.)

"मागं मशरूमचा धंदा काढला होता," ती म्हणाली.

"मशरूम आली होती."

"पेटीत नाही आली. न्हाणीघराच्या भिंतीला आली."

मग तिनं अट घातली. संक्रांतीचं हळदीकुंकू तिला शेडातच करायचं होतं. तोवर सगळी लाकडं विकून शेड मोकळं झालं पाहिजे. नाही झालं तर शेड तिचं, आणि मी जन्मात परत धंद्याचं नाव काढायचं नाही.

"आणि विकली तर?"

"तर चार बायकांच्या देखत म्हणीन, की आमच्या ह्यांना व्यवहार कळतो."

लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. तिच्या भावाला व्यवहार कळतो, बहिणीच्या नवऱ्याला कळतो, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला तर फारच कळतो. राहिलो होतो मीच. त्या एका वाक्यासाठी मी काहीही फोडायला तयार होतो.

स्टेशनाकडं चांदपाशांची लाकडाची वखार आहे. मी बंबफोडीचा विषय काढला तर ते माझ्याकडं काळजीनं बघायला लागले.

"साहेब, कौन लेता बंबफोड? लोकांच्या गच्चीवर सोलर आलं. मी तर फोडणंच बंद केलं बघा. भट्टीवाले मोठाले ओंडके नेतात, बस, तेवढंच."

मी मनात म्हटलं, पक्का व्यापारी आहे. नवा माणूस लाईनीत येतोय म्हटल्यावर असंच बोलणार.

"तुमच्या घरी पाणी कशावर तापतं, चांदपाशा?" मी खडा टाकून बघितला.

"गिझर है ना. बटन दाबलं, हो गया."

लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरी गिझर. इतकं धडधडीत खोटं मी ऑडिटच्या वेळीसुद्धा ऐकलेलं नाही. मला जी खात्री हवी होती ती पटली. चांदपाशा जसजसे नको म्हणत गेले तसतसा माझा माल वाढत गेला. शेवटी बाभळीच्या ओंडक्यांनी टेम्पो भरला, तेव्हा त्यांनी आत जाऊन एक कुऱ्हाड आणून माझ्या हातात दिली.

"ही माझ्याकडनं. पैसे नको. अल्ला खैर करे."

शेड भरलं. मी लुंगी खोचून पहिला घाव घातला. कुऱ्हाड ओंडक्यात रुतली आणि तिनं तिथंच मुक्काम ठोकला. मी ओढली तर ओंडकाही सोबत आला. मग मी दोन्ही मिळून उचलायचो आणि दोन्ही मिळून आपटायचो.

"लाकूड फोडताय का त्याला व्यायाम देताय?" खिडकीतनं उमा म्हणाली.

दोन दिवस मी रजेवर होतो. अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं. कमरेसाठी वेगळा रकाना नव्हता म्हणून. पण तिसऱ्या दिवशी लाकडानं माझ्याशी जमवून घेतलं. घाव बसायला लागले, ढलप्या उडायला लागल्या, आणि माझ्या डोक्यात मिशीवाला घुमायला लागला. जितकं बारीक तितकं महाग. मी एकाचे चार केले, चाराचे आठ केले. शेजारच्या साळूबाई कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"हेमचंद्रा, दात कोरायच्या काड्या करायलास व्हय?"

"बंबफोड आहे, मावशी. बारीकला भाव असतो."

"आसंल बाबा," त्या म्हणाल्या. "पर बंब कुठंय?"

हा प्रश्न मिशीवाल्यानं काढलाच नव्हता.

मी पाटी लावली, गल्लोगल्ली फिरलो. सगळ्यांच्या गच्चीवर सोलर, न्हाणीघरात गिझर. मला वाटत होतं चांदपाशा खोटं बोलतात. अख्खी मुकुंदवाडी त्यांना सामील होती. समोरच्या करुणाताईंकडं बंब आहे म्हणून कळलं, तेव्हा मी पोतंच घेऊन गेलो. बंब हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभा होता. धुराड्यात वाळलेली फुलं खोवलेली.

"लाकडं? ह्याच्यात? भावजी, तो शोभेचा आहे," करुणाताई म्हणाल्या, आणि मधे येऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच काडी ओढीन अशी त्यांना भीती वाटली असावी.

दुसरा बंब साळूबाईंच्या माळ्यावर निघाला. त्याच्या धुराड्यात चिमणीचं जुनं घरटं होतं. म्हणजे ज्यांच्याकडं बंब आहे ते पेटवत नाहीत, आणि बाकीच्यांकडं बंबच नाही. संक्रांत जवळ येत चालली होती. उमा येता-जाता शेडाकडं बघायची आणि कॅलेंडरावरचा एकेक दिवस खोडायची.

मग मला एक कल्पना सुचली. (मला कल्पना सुचते तेव्हा कुणीतरी मला कामाला लावायला पाहिजे.) लोकांना बंबाच्या अंघोळीची चवच माहीत नाही. ती एकदा दाखवली की लोक बंब आणतील, आणि बंब आणला की बंबफोड घ्यायला जातील कुठं? साळूबाईंनी बंब दिला, पण रोज सकाळची पहिली अंघोळ आपली, या बोलीवर.

मी बंब चिंच लावून घासला, अंगणात मांडला, पाणी भरलं, वरनं ढलप्या सोडल्या आणि पेटवला. थोड्या वेळानं आत पाणी कुरकुरायला लागलं, धुराचा वास अंगणभर झाला. तोटी सोडली तर कढत, धुरकट वासाचं पाणी बदाबदा आलं. काय सांगू तुम्हाला. त्या थंडीत ते पाणी खांद्यावरनं घेतलं आणि मला वाटलं, धंदा बुडाला तरी चालेल. इतकं बरं वाटलं.

रविवारी ऑफिसातले मोतीराम सहज आले होते. मी आग्रहानं त्यांना अंघोळ घातली. ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि पायरीवर बसूनच राहिले.

"हेमचंद्र, अशी अंघोळ गंगापूरला, आजोळी केली होती रे," ते म्हणाले. डोळे लाल झाले होते. साबण असेल, पण मला साबण वाटला नाही.

पुढच्या रविवारी ते मेहुण्याला घेऊन आले. मेहुण्यानं दोघांना सांगितलं. दोघांनी किती जणांना सांगितलं कोण जाणे, सकाळी दार उघडलं तर खांद्यावर टॉवेल टाकून माणसं उभी. सगळ्यांना चहा. आमच्या गावात नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं. चहा होईस्तोवर टाकी कोरडी पडली. उमानं फाटकावर पाटी लावली: 'अंघोळीला येताना आपापलं पाणी आणावं.' तिला वाटलं, लोक लाजून यायचे बंद होतील. लोक स्कूटरवर पाण्याचे जार घेऊन आले. एका वाटसरूनं थांबून विचारलं, इथं कसलं देवस्थान आहे का. नाही म्हटलं, तर तोही रांगेत उभा राहिला.

आणि विक्री? प्रत्येकाला मी जाताना विचारायचो, "थोडी बंबफोड बांधून देऊ का?"

"कशाला?" ते डोकं पुसत म्हणायचे. "तू पेटवतोसच की."

असं करत भोगीच्या सकाळी साळूबाईंनी अंघोळ केली आणि मी शेडात गेलो, तर तळाला थोडा भुसा. शेड मोकळं झालं होतं. एक ढलपी विकली गेली नव्हती.

तरी मी हिंमत केली. "उमा, शेड मोकळं झालं बघ. संक्रांतीच्या आत."

"विकून मोकळं करायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही गावाला अंघोळ घालून मोकळं केलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला जरा विचित्र वाटलं. पण मी हरलो होतो. दुपारी मीच तिच्या मशिनी उचलून शेडात नेल्या, सतरंजी अंथरली. आता आयुष्यभर बातम्या ऐकायच्या, एवढंच हातात होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. बंबाखालची राख मी रोज कोपऱ्यात ओतत होतो. ती एकदा करुणाताईंनी आपल्या शोभेच्या बंबाला लावायला नेली आणि तो असा लखलखला की त्या परत घ्यायला आल्या. उमानं ते बघितलं. मग तिनं ब्लाऊजाच्या अस्तराच्या कापडातनं सगळी राख चाळली. वस्त्रगाळ केलेली ती राख पुड्यांत भरून वर 'घरच्या लाकडाची भांडी-पूड' असा कागद चिकटवला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, बायकांचं आहे, तुम्ही लक्ष घालू नका. मी घातलं नाही.

हळदीकुंकवाला शेड बायकांनी भरलं. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या असतात. या वर्षी प्रत्येकीच्या हातात एकेक पुडी.

साळूबाईंनी पुडीचा वास घेतला. "सणासुदीला राख देतीस व्हय गं?"

"भांडी-पूड आहे, मावशी. कागदावर लिहिलंय की."

साळूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळं पटलं. करुणाताईंनी आपल्या बंबाचा फोटो मोबाईलवर फिरवला. मी पडद्याआडनं तिळगूळ देत होतो आणि आता सगळ्या हसणार म्हणून वाट बघत होतो. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून उमाचा फोन वाजायला लागला. तांब्याचं तसंच पितळेचं, कढईच्या बुडाचं, सगळं लख्ख निघत होतं. एकीनं नणंदेला सांगितलं, नणंदेनं भिशीच्या ग्रुपवर टाकलं. आठवडाभरात राख संपली.

"चांदपाशांना फोन लावा," उमा म्हणाली. "एक टेम्पो अजून सांगा."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मला व्यवहार..."

"फोन लावा आधी."

चांदपाशांना फोनवर विश्वासच बसेना. "बिक गया साहेब? पूरा?"

"सगळं संपलं," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

आता शेडात एका बाजूला मशिनी आहेत आणि दुसऱ्या बाजूला राख चाळायला दोन बायका येतात. घरात पैसा दिसतोय, हॉल मोकळा आहे, बातम्या स्वच्छ ऐकू येतात. उमा मशीन चालवताना गुणगुणते. खरं सांगतो, घर सुखात आहे. फक्त होळी झाली तशी ऊन वाढलं आणि रांगेतली माणसं कमी होत गेली. एप्रिलात साळूबाईंनीसुद्धा, "मला नगं बाबा, लई उकडतंय," म्हणून अंग काढून घेतलं. पण राखेची मागणी काही कमी झाली नाही. राख पाहिजे तर बंब पेटला पाहिजे. बंबात पाणी नसलं तर तापून त्याच्या सांध्याचा डाग सुटतो आणि तो गळायला लागतो. आणि आठवड्यातनं एकदा पाणी येणाऱ्या गावात तापवलेलं पाणी अंगावर न घेता फेकून दिलं, तर उमा मला फेकून देईल. अंघोळीचं पाणी पुढं झाडांना जातं, पण आधी माझ्यावरनं जावं लागतं.

मे महिना आहे. बाहेर बेचाळीस डिग्री. सकाळी एक, संध्याकाळी एक आणि मोठी ऑर्डर असली तर ऑफिसातनं लवकर येऊन मधली एक, अशा मी सध्या कढत पाण्यानं अंघोळी करतो. मोतीराम म्हणतात, तुझी कांती उजळलीय. कांती नाही ती, भाजलंय.

परवा पैठणहून एका बाईंचा फोन आला. उमा आत माप घेत होती म्हणून मी उचलला. पूड शुद्ध लाकडाचीच ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी सावरून बसलो आणि भारदस्त आवाजात सांगायला लागलो, की आमच्या या व्यवसायात लाकडाची निवड ही मुख्य... तेवढ्यात उमानं येऊन फोन काढून घेतला. पलीकडच्या बाईंनी विचारलं असावं, आत्ता बोलत होते ते मालक का.

"ते व्हय?" उमा म्हणाली. "नाही हो. ते आमच्याकडं अंघोळीला असतात."