फळ्याकडे पाठ फिरवणाऱ्या माने बाई

माने बाई फळ्याकडे पाठ करून लिहायच्या. खोटं नाही सांगत! तोंड वर्गाकडे, खडूचा हात मागे, आणि ओळी शिवालिकच्या घाटासारख्या वर चढत गेलेल्या. त्यांच्या इतिहासानंतर माझा गणिताचा तास. तो फळा पुसताना मी रोज कपाळाला हात लावायचो.

एकदा विचारलंच, "मॅडमजी, ब्लॅकबोर्ड से झगडा है क्या?"

"झगडा कसला ओ! मी वळले की सिमरनचा धडा बंद पडतोय. तिला ओठ दिसायला नकोत होय?"

सिमरन पहिल्या बाकावरची, ऐकू न येणारी मुलगी. नव्वद सालानंतरचे ते दिवस. चंदीगडात घरोघरी केबल पोचली होती, पण अशा मुलीला साध्या शाळेत बसवायचं म्हणजे केवढं नवल! प्रिन्सिपल मॅडमनी तिला सहामाहीपुरतंच घेतलं होतं. तोंडी परीक्षेत बोलली तर राहील, नाहीतर घरी.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदलीनं आल्या आणि इथंच राहिल्या. त्यांच्या हिंदीत निम्मी मराठी. मुलं खिदळायची, बाई ढिम्म. सहा महिने त्या पोरीसमोर एकेक शब्द सुटासुटा करून बोलत होत्या.

परीक्षा घ्यायला मीही बसलो होतो. प्रिन्सिपल मॅडम भराभर एकामागून एक प्रश्न विचारत सुटल्या. सिमरन त्यांच्या ओठांकडे बघून बघून रडवेली झाली. वाटलं, संपलं! तेवढ्यात तिनं हात वर केला आणि खणखणीत म्हणाली,

"मॅडम, गडबड करू नका की!"

"गडबड? मैंने क्या गडबड की?" मॅडम लाल झाल्या.

मला हसू आवरेना. म्हटलं, "मॅडम, कोल्हापुरात गडबड म्हणजे जल्दी. धीरे पूछिए, कह रही है."

मॅडमही हसल्या. सावकाश विचारलं, पोरीनं धडाधड उत्तरं दिली. राहिली शाळेत!

स्टाफरूममध्ये जाऊन बाईंना सगळं सांगितलं, तर त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

"अरे, रो क्यों रही हैं?"

"आमच्या पोराला, संजूला, सगळं ऐकू येतंय ओ, पण मी मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत. हे गेले तेव्हापासून घरात मराठी बोलणारी मी एकटीच. माझं बोलणं उचललं ते या पोरीनं."

मला माझीच लाज वाटली. मी पक्का पुणेकर, पण चारचौघांत मराठी नको म्हणून तीन वर्षं बाईंना हिंदीतूनच उत्तरं देत आलो होतो. खुर्ची जवळ ओढली.

"बाई," मी म्हटलं, "जेवलात का?"