गंगाधरराव आणि जुना रिपो

नमस्काराला उत्तर देण्याआधी गंगाधरराव तुमच्या लॅपटॉपमध्ये डोकावतात. "अपडेट तर मारलं न्हाई ना?" मग नमस्कार.

नांदेडात आमची आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी आहे. सगळ्यांचा कोड एकाच ठिकाणी, रिपोत, राहतो. कुणी कधी काय बदललं हे लक्षात ठेवणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं. त्याची नवी आवृत्ती आमचा जुना रिपो उघडते, पण सारखं विचारते, नव्या साच्यात बदलू का? एकदा 'हो' म्हटलं की जुन्या आवृत्तीला तो रिपो वाचता येत नाही. या 'हो'वर आमचे जुने सहकारी गंगाधरराव यांचा पहारा. कुणाचा हात माऊसवर जरा रेंगाळला की मागून आवाज येतो, "काय दाबून राहिलास? हात काढ!" जेवायला जातानासुद्धा ते वळून वळून आमच्याकडे बघत जातात.

आता ऑफिसात जुनी आवृत्ती कुणाकडेच नाही. मग हा माणूस कुणासाठी जीव टाकतो? त्यात रोज दुपारी देगलूरहून फोन यायचा आणि हे जिन्यात जाऊन कुजबुजायचे, "हाव, हाव. उघडलं का?" कुठंतरी पाणी मुरतंय, आपला कोड हा बाहेर विकतोय, अशी माझी खात्रीच झाली.

एका रविवारी कामानिमित्त देगलूरला गेलो, तर एसटीतून गंगाधरराव उतरताना दिसले. हातात केळी. चोरी करायला निघालेला माणूस केळी कशाला नेईल, हे काही मला सुचलं नाही. मी मागे लागलो.

ज्या घरात ते शिरले, तिथं पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरपुढे अण्णा बसले होते. आमच्या सॉफ्टवेअरचा पहिला कोड त्यांचाच. अर्धांगवायूनंतर ते घरी बसले, एवढं मी ऐकून होतो. मला दारात बघून गंगाधरराव दचकले. बाजूला घेऊन म्हणाले, "या डब्यावर नवी आवृत्ती चालत न्हाई. नवा कॉम्प्युटर आणून दिला, तर त्याच्यावर हातच चालंना, रडाया लागले. रोज माझा कोड तपासून देतात. रिपो बदलला की यांचं काम बंद. सायबाला सांगू नका."

तेवढ्यात डाव्या हाताच्या एका बोटानं टाईप करता करता अण्णा गरजले, "गंगाधर, बेरीज पुन्हा चुकली की रे! मी न्हाई तर कसं व्हायचं तुझं?"

आजवर गंगाधररावांची बेरीज चुकलेली मी पाहिली नव्हती. ही अण्णांसाठी चुकवलेली होती.

त्यांनी मान खाली घातली. "हाव अण्णा. चुकलंच."

सोमवारी साहेबांनी रिपो बदलायचं पुन्हा काढलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं "नको" मीच म्हणालो.