अठ्ठ्याहत्तर किलोंची स्की

"काका, वजन किती तुमचं?" नॉर्वेतल्या हामार गावच्या स्कीच्या दुकानात तुवा नावाच्या विक्रेतीने विचारले.

"अठ्ठ्याहत्तर," ओड्वार छातीठोकपणे म्हणाला. लग्नात ते खरेही होते.

त्याची बायको रांगहिल्ड हातमोजे बघत होती. तिने मान वळवून फक्त त्याच्या पोटाकडे पाहिले.

आयुष्यभर ओड्वार आखीव खाचांतून सरळ जाणारी जुनी स्की वापरत आला होता. पण मेहुणा गुनव्हाल्ड हल्ली पाय बाजूला फेकत, स्केटिंगच्या चालीने सुसाट जायचा. "दाजी, वय झालं तुमचं!" असे ओरडून तो पुढे गेला, त्याच क्षणी ओड्वारने नवी स्की घ्यायचे ठरवले.

"नीट सांगा हं," तुवा म्हणाली. "ही वजनावर निवडतात. मऊ पडली तर मध्ये दबते नि बर्फाला चिकटते."

"अगं, मी चालायच्या आधी स्की शिकलोय!"

रविवारी पहिल्याच चढावर स्की चिकटली. ओड्वारने बर्फाला नावे ठेवली. स्कीच्या तळाला घासायचे मेण बदलले, पुन्हा बदलले. गुनव्हाल्ड केव्हाच दिसेनासा झाला. बाळाला घसरगाडीत घालून ओढणारी एक बाईही पुढे गेली. बाळाने हात हलवला.

सोमवारी तो रांगहिल्डसह दुकानात थडकला. "स्की खराब आहे!"

तुवाने त्याला दोन्ही स्कींवर उभे केले आणि मधल्या कमानीखाली कागद घातला. "हा सहज सरकायला हवा." कागद जागचा हलेना.

"जाकीट जड आहे."

जाकीट उतरले. मग स्वेटर उतरला. कागद तसाच. गिऱ्हाइके जमू लागली.

"पोरी, सत्त्याण्णव लिही," रांगहिल्ड म्हणाली. "हा पँटला हात घालायच्या आत लिही."

नवी, कडक स्की निघाली. आधीच्या मऊ स्कीवर ओरखडे पडलेले, ती परत कोण घेणार?

"टाकायची कशाला? मी वापरीन की," म्हणत रांगहिल्ड तिच्यावर उभी राहिली. कागद सुर्रकन सरकला.

"वा काकू! अगदी तुमच्याच मापाची! म्हणजे तुमचं वजन अठ्ठ्या..." तुवाने जीभ चावली.

रांगहिल्ड कानापर्यंत लाल झाली. सूड उगवायला याहून चांगली वेळ ओड्वारला मिळणार नव्हती. तो खाकरला.

"कारखान्यातच माप चुकलंय या स्कीचं," तो ठासून म्हणाला. "बायकोच्या वजनाचा नि स्कीचा काही संबंध नाही."

"नाहीच मुळी," रांगहिल्ड म्हणाली आणि सगळ्यांदेखत तिने त्याच्या अंगात स्वेटर घातला.