डावीकडून येऊन राहिलो, साहेब

‘डावीकडून येऊन राहिलो, साहेब,’ असं म्हणत मेश्राम माझ्या केबिनमध्ये येतात. केबिनला दार एकच आहे आणि ते डावीकडेच आहे. माझी खुर्चीही दाराकडे तोंड करून आहे. तरी ते सांगतात. मग दारात क्षणभर थांबतात, मी मान वर केली की आत येतात आणि समोरच्या खुर्चीवर असे बसतात, की खुर्चीलाही आधी कळवलेलं असावं.

नागपुरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करतो. म्हणजे तिकडे ‘होऊन जाईल’ म्हणायचं आणि इकडे येऊन ‘अजून एक छोटंसं’ म्हणायचं. या दोन वाक्यांच्या मध्ये मी पन्नाशीला आलो, आणि दोन्ही वाक्यांबद्दल मला रोज अपराधी वाटतं. त्यातली बरीचशी ‘छोटंसं’ मेश्रामांच्या वाट्याला जातात. वेबसाइटवर किंवा ॲपवर जे जे हलतं, ते ते हलवणं हे त्यांचं काम. बटण दाबलं की ते किंचित आत जावं, मेनू अलगद उघडावा, पान सरकत यावं. हे कोणीतरी बसून करतं, हे मला मेश्राम भेटेपर्यंत ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, ते आपोआप होतं!

‘कुठून आला अन् कुठं गेला, समजलं पायजे,’ हे त्यांचं पेटंट वाक्य. मेनू बटणातून बाहेर आला, तर मिटताना त्या बटणातच परत गेला पाहिजे. ‘नाहीतर माणूस शोधत बसते ना बापा!’ यादीतलं एखादं नाव पुसलं, तर खालची नावं हळूच वर सरकली पाहिजेत. एकदा एका नव्या पोरीने ती नावं फटकन वर आणली. मेश्रामांनी तिला उठवलं आणि बाकावर आम्हा चौघांना ओळीने बसवलं. मग मला म्हणाले, ‘साहेब, तुम्ही उठा.’ मी उठलो. ‘आता बाकीचे सरका.’ बाकीचे सरकले. ‘पाह्यलं काय गा पोरी? कोनी उडी मारली काय? बसमध्येबी लोक सरकूनच बसतात.’ पोरीला पटलं. मला परत बसायला जागा उरली नव्हती, ते सोडा.

बसवरून आठवलं. विणकरांच्या एका वेबसाइटसाठी आम्ही दोघे एसटीने उमरेडला गेलो होतो. स्टँडवर गाडी थांबली, लोक उतरू लागले आणि मेश्राम उलट ड्रायव्हरकडे निघाले. ड्रायव्हर सावध झाला. ‘काय झालं? काही तक्रार?’

‘तक्रार नाही जी. काय थांबवली गाडी! पोटातलं पाणी हाललं नाही. आधी हळू, मग अजून हळू, अन् मग नुसती टेकली. मी दिवसभर कॉम्प्युटरवर हेच करून राहिलो, मले असं जमत नाही.’

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, मग कंडक्टरला म्हणाला, ‘याले आधी उतरव बापा.’

आमच्या ऑफिसातला फ्रिज मेश्राम बंद करतात तो झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा. दुसऱ्या कोणी दार आपटलं, की ते जागेवरून फक्त ‘अरारा’ म्हणतात. हळूहळू हा रोग मलाही लागला. मी लिफ्टमध्ये, बँकेत, दवाखान्यात दारं पाहत उभा राहू लागलो. हे दार चांगलं, हे उद्धट! बायको म्हणाली, ‘तुम्हाले काही झालं आहे काय?’ झालं होतंच. जग हलतं कसं, हे पन्नाशीत पहिल्यांदा दिसलं की माणूस दुसरं काय करणार?

त्यांच्या एका गोष्टीचा मात्र मला त्रास होत असे. प्रत्येक ॲपमध्ये ते न सांगता एक बटण घालत. ते दाबलं की सगळी हालचाल बंद. मेनू सरकत नाही, पान वाहत नाही, सगळं शांत. त्यासाठी प्रत्येक गोष्ट दोनदा बनवावी लागे. एकाही गिऱ्हाइकाने ते कधी मागितलं नव्हतं. ‘मेश्राम, हे कोणासाठी?’ असं विचारलं, की ते म्हणत, ‘असू द्या ना साहेब. लागते कोनाले.’

मग आलं संत्र्याचं काम.

कळमन्याच्या बाजारातले एक मोठे फळव्यापारी. त्यांना ॲप हवं होतं, आणि ॲपचा सगळा उत्साह त्यांच्या मुलाच्या, म्हणजे छोट्या शेठच्या अंगात होता. ‘साहेब, ॲप उघडलं की संत्रं असं गरगर फिरत आलं पाहिजे! मग फाटकन फुटलं पाहिजे. फोडी पूर्ण स्क्रीनभर चक्कर मारतील अन् त्यातून आमचं नाव बनेल. एकदम धमाका!’

मी म्हणालो, ‘होऊन जाईल.’

ऑफिसात मेश्रामांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘साहेब, हे माह्याच्यानं होत नाही.’

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘नाही’ मी पहिल्यांदा ऐकत होतो. ‘काहून?’

‘बाकी काहीबी सांगा. गरगर नाही.’

मी समजावलं, चिडलो, चिडल्याबद्दल माफी मागितली. ते हलले नाहीत. आमच्या मालकांनी मला बोलावून सरळ सांगितलं, ‘गुरुवारी शेठना दाखवायचं आहे. मेश्राम करत नसतील तर दुसरा माणूस पाहा. अन् मग कायमचाच पाहा.’ शब्द मी देऊन बसलो होतो आणि नोकरी मेश्रामांची जाणार होती. मला जेवण जाईना. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी, दिघोरीला गेलो. विनवायला.

मे महिना होता. मेश्रामांनी दार उघडलं, मला उंबऱ्यातच थांबवलं आणि आत वळून म्हणाले, ‘शालू, राऊतसाहेब आले. समोरून येऊन राहिले.’

आत दिवाणावर, भिंतीला डोकं टेकवून त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मान न हलवता हसल्या. ‘या जी भाऊजी. उठत नाही, राग मानू नका. मी उठली की घरबी उठते माह्यासंगं.’

खिडकीत कूलर चालू होता. छताला पंखा नव्हता, नुसता हूक होता. नागपुरात, मे महिन्यात. खिडक्यांचे पडदे खालून दोरीने बांधले होते, वाऱ्याने हलू नयेत म्हणून.

‘कानाच्या आतलं दुखणं आहे,’ मेश्राम म्हणाले. ‘समोर काही फिरलं, झपकन काही गेलं, की हिले सगळं घर फिरल्यासारखं होते. मग दोन-दोन दिवस डोळा उघडत नाही. अचानक कोनी आलं अन् तिनं झटक्यानं मान वळवली, की गेलं काम. म्हणून सांगून येतो, कोन्या बाजूनं ते.’

‘हे ऑफिसातबी सांगतात काय?’ वहिनींनी मला विचारलं.

‘रोज.’

‘बाप्पा! लाज नाही वाटत काय हो तुम्हाले?’

‘सवय लागली वं,’ मेश्राम म्हणाले आणि माझ्यासाठी सरबत आणायला आत गेले. जाताना ‘आत जाऊन राहिलो’ म्हणाले.

ते गेल्यावर वहिनींनी हळूच विचारलं, ‘भाऊजी, ह्यांचं काम कसं असते जी? सगळे म्हणतात, चांगलं करतात. ते हौसेनं दाखवतात, मी जरासं पाहते अन् डोळे मिटते. मग चांगलं आहे म्हणून सांगते. त्यांना समजते, मी पाह्यलं नाही म्हणून.’

मी काहीतरी बोललो. चांगलं असतं, म्हणालो. किती चांगलं असतं ते सांगायला हवं होतं, बसमधली गोष्ट सांगायला हवी होती. तेवढ्यात मेश्राम सरबत घेऊन आले.

पेला माझ्या हातात देऊन ते म्हणाले, ‘साहेब, संत्रं केलं आहे. छोट्या शेठचं नाही, माह्यं. अजून कोनाले दाखवलं नाही.’ त्यांनी फोन उशीला टेकवून वहिनींसमोर उभा केला. वहिनींनी एका हाताने दिवाणाची कड घट्ट धरली.

स्क्रीनवर एक हिरवं संत्रं होतं. झाडावर असतं तसं, देठ आणि दोन पानं. ते जागचं हललं नाही. नुसतं पिकू लागलं! बुडाशी पिवळसर झाक आली, ती वर चढली, पिवळ्याचा केशरी झाला. ॲप उघडायला किती थांबायचं राहिलं आहे, ते रंगावरूनच समजत होतं. काही फिरलं नाही, उडालं नाही, फुटलं नाही. देठाजवळचा हिरवा ठिपका सगळ्यात शेवटी गेला आणि त्या पूर्ण पिकलेल्या रंगातून ॲपचं पहिलं पान उमटलं. मी पेला तोंडाशी धरून तसाच राहिलो होतो.

‘झालं?’ वहिनींनी विचारलं. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.

‘झालं.’

‘मग अजून एकदा लावा ना.’

मेश्रामांनी पुन्हा लावलं. या वेळी ते संत्र्याकडे पाहत नव्हते. दिवाणाच्या कडेवरच्या वहिनींच्या बोटांकडे पाहत होते. संत्रं पिवळं होईपर्यंत बोटं सैल झाली होती, केशरी होईपर्यंत हात मांडीवर आला होता.

ज्या कामासाठी मी आलो होतो, ते न बोलताच निघालो. निघताना म्हणालो, ‘वहिनी, समोरून जाऊन राहिलो.’ त्या खळखळून हसल्या, मान न हलवता.

सोमवारपासून मी मालकांच्या मागे लागलो. इतक्या जोरात मी आयुष्यात कशासाठीही भांडलो नसेन. शेवटी ते वैतागून म्हणाले, ‘दाखवा. पडलं तर तुम्ही दोघंही पडाल.’

गुरुवारी छोट्या शेठनी फोन हातात घेतला, पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘हे फिरत नाही?’

त्यांचे वडील, मोठे शेठ, नुसते सोबत म्हणून आले होते. त्यांनी मुलाच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी नेला.

‘अजून एकदा लाव.’

मी लावलं.

‘हा मृग बहाराच्या संत्र्याचा रंग आहे,’ ते म्हणाले. ‘बराबर देठापाशी शेवटी येते.’ मग मुलाकडे वळून, ‘गरगर फिरवून माल विकतो काय आपण? रंग दाखवून विकतो ना? हेच ठेव.’

खोलीत एकदम गलका झाला. मालक हसू लागले, चहा आला, छोटे शेठही निदान देठाजवळची पानं हलवता येतील का म्हणून विचारू लागले. मी मेश्रामांना मिठी मारायला वळलो, तर ते खुर्चीवर नव्हते. न सांगता उठून गेले होते. पहिल्यांदाच.

बाहेर गॅलरीच्या टोकाला ते पाठमोरे उभे होते. फोन कानाला होता.

‘शालू? पास झालं वं... हाव, तेच. तू पाह्यलं तेच... त्यांनीबी दोनदा पाह्यलं.’ मग त्यांनी मोकळ्या हाताने डोळे पुसले.

‘आता निघून राहिलो,’ ते म्हणाले. ‘समोरून येतो.’